बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण

बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिचित्रमुद्रण म्हणजे श्रोत्यांसमोर चाललेल्या सामूहिक गायन-वादनाचा आवाज आणि दृश्य एकाच वेळी टिपून त्यांची एकत्रित प्रत तयार करणे होय. स्टुडिओत चूक झाल्यास तो भाग पुन्हा वाजवता येतो; प्रत्यक्ष कार्यक्रमात ती सोय नसते. रंगमंचावरचा गोंगाट, सभागृहाचा घुमारा, बदलता प्रकाश आणि श्रोत्यांची हालचाल या गोष्टी मुद्रण करणाऱ्याच्या ताब्यात नसतात. त्यामुळे या कामासाठी साधने निवडताना किमतीपेक्षा परिस्थितीला तोंड देण्याची क्षमता अधिक महत्त्वाची ठरते.

अल्प खर्चात केलेल्या मुद्रणात सर्वाधिक उणिवा आवाजाच्या बाजूने राहतात. अंधूक किंवा किंचित हललेले चित्र प्रेक्षक चालवून घेतो. फाटलेला आवाज मात्र नंतरच्या कोणत्याही संस्करणाने पूर्ववत होत नाही. म्हणून खर्च मर्यादित असताना प्रथम आवाजाची आणि नंतर चित्राची सोय करणे हा या क्षेत्रातील सर्वसाधारण संकेत आहे.

## इतिहास

प्रत्यक्ष वादनाच्या हौशी मुद्रणाची सुरुवात चुंबकीय फितीच्या प्रसाराआधीच झाली. १९४१ मध्ये जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमधील 'मिंटन्स प्लेहाऊस' या क्लबात सुवाह्य तबकडी-यंत्रावर गिटारवादक चार्ली क्रिश्चन व त्याच्या सहवादकांचे वादन मुद्रित केले. पुढच्याच वर्षी क्रिश्चनचे निधन झाले. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने व्यावसायिक ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि तो १९४४ पर्यंत चालला. त्यामुळे 'बीबॉप' या जॅझ शैलीच्या आरंभकाळाच्या अभ्यासात न्यूमनच्या तबकड्यांना मोठे महत्त्व आले. सॅक्सोफोनवादक डीन बेनेडेटी याने १९४७-४८ मध्ये चार्ली पार्करचे वादन क्लबांमध्ये जाऊन टिपले. मुद्रणाचे साहित्य पुरवून वापरण्यासाठी तो बहुतेक वेळा केवळ पार्करचे एकलवादन मुद्रित करी आणि इतरांची पाळी आली की यंत्र थांबवी. त्यामुळे पार्करचे वादन उरले, पण त्याच्या साथीदारांचे बरेचसे वादन कायमचे हरवले.

१९५१ मध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी 'नाग्रा' हे सुवाह्य फीतयंत्र तयार केले, तर १९६३ मध्ये फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट बाजारात आणली. कॅसेटमुळे मुद्रण सामान्य श्रोत्याच्या आवाक्यात आले. भारतात हिंदुस्थानी संगीताच्या अनेक खासगी मैफली रसिकांनी स्पूल आणि कॅसेटवर टिपून ठेवल्या; त्यांतील काही आज संग्रहालयांत व खासगी संग्रहांत आहेत. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' या बँडने आपल्या कार्यक्रमांचे मुद्रण करण्यास श्रोत्यांना मुभा दिली आणि १९८४ पासून त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली.

१९८७ मध्ये डिजिटल फीत (डॅट) आणि १९९२ मध्ये मिनीडिस्क आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्मृतिपत्रावर मुद्रण करणारे, अंगचे दोन मायक्रोफोन असलेले हातात मावणारे रेकॉर्डर मिळू लागले. झूम, टॅस्कॅम आदी कंपन्यांचे असे रेकॉर्डर आजही हौशी मुद्रणाचा कणा आहेत.

## कार्यक्रमातील आवाजाचे स्वरूप

विद्युत गिटार आणि ड्रम असलेल्या बँडच्या कार्यक्रमात श्रोत्यांपाशी आवाजाची सरासरी पातळी सुमारे १०० डेसिबल असू शकते. ड्रमवरील आघाताची क्षणिक शिखरे त्याहून १५ ते २० डेसिबलने वर जातात. मोबाइल फोनमधील सूक्ष्म मायक्रोफोनची कमाल सहनमर्यादा साधारणतः १२० डेसिबलच्या आसपास असते. स्पीकरजवळ धरलेल्या फोनचा आवाज फाटतो तो याच कारणाने.

फोन आणि साध्या कॅमेऱ्यांत दुसरी अडचण स्वयंचलित पातळी-नियंत्रणाची असते. संभाषण स्पष्ट ऐकू यावे यासाठी ही यंत्रणा हळू आवाज वाढवते आणि मोठा आवाज दाबते. संगीतात मात्र तिच्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर बाकीची वाद्ये दबतात व पुन्हा उसळतात. रचनेतील हळुवार आणि जोरकस भागांमधला फरकही नाहीसा होतो. म्हणून ही यंत्रणा बंद करता येते किंवा नाही, हा उपकरण निवडतानाचा पहिला प्रश्न असतो.

मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. बंद सभागृहात मात्र काही अंतरानंतर थेट आवाजापेक्षा भिंती-छतावरून परावर्तित झालेला आवाज प्रबळ होतो आणि शब्द अस्पष्ट होतात. अशा मुद्रणातील घुमारा नंतर काढून टाकणे अत्यंत अवघड असते.

## ध्वनिमुद्रणाची साधने

### हाती रेकॉर्डर

दोन मायक्रोफोन, पातळी-नियंत्रण आणि स्मृतिपत्र एकाच यंत्रात असल्याने हाती रेकॉर्डर हा सर्वांत सोपा पर्याय आहे. संगीतासाठी तो निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात: पातळी हाताने ठरवण्याची सोय, मोठा आवाज सहन करणारे मायक्रोफोन, २४-बिट मुद्रण, बाहेरचे मायक्रोफोन किंवा मिक्सर जोडण्यासाठी एक्सएलआर जोडण्या आणि बॅटरीवर किमान तीन-चार तास चालण्याची क्षमता. बाहेरच्या जोडण्या असलेले चार-पथी यंत्र किंचित महाग असले तरी त्यात सभागृहाचा आणि मिक्सरचा आवाज वेगवेगळा साठवता येतो.

### मायक्रोफोन

डायनॅमिक मायक्रोफोन मोठा आवाज सहज पेलतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही आणि तो दणकट असतो. १९६५ चा शुअर एसएम५७ आणि १९६६ चा एसएम५८ हे या प्रकारातील सर्वपरिचित मायक्रोफोन होत. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असतो आणि झांज, तंतुवाद्ये व सभागृहाचा एकूण आवाज अधिक तपशिलाने टिपतो. त्याला सामान्यतः रेकॉर्डरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा लागतो.

कॅमेऱ्यावर बसवण्याचे लांबट 'शॉटगन' मायक्रोफोन बँडसाठी योग्य समजले जात नाहीत. ते उच्च वारंवारतेचा आवाज समोरूनच घेतात, परंतु खर्जाचा आवाज जवळपास सर्व दिशांनी आत येतो. परिणामी बंद सभागृहात नाद असमतोल होतो. हा प्रकार मुख्यत्वे संवादासाठी घडवलेला आहे.

### मिक्सरमधून घेतलेला आवाज

सभागृहातील ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून आवाज थेट घेता आल्यास तो स्वच्छ आणि घुमाऱ्याविना मिळतो. परंतु त्यात एक मूलभूत उणीव असते. लहान सभागृहात ड्रम आणि गिटारचे अॅम्प्लिफायर मुळातच मोठ्याने ऐकू येतात. त्यामुळे ध्वनिव्यवस्थापक त्यांना स्पीकरवर फारसे देत नाही. मिक्सरच्या मुद्रणात म्हणून गायन पुढे आणि वाद्ये मागे पडतात, टाळ्या तर जवळपास नसतातच. हे मुद्रण बिघडलेले नसते. ते सभागृहात जे कमी पडत होते तेवढेच दाखवते. यावरचा रूढ उपाय म्हणजे मिक्सरचा आवाज आणि प्रेक्षागृहातील मायक्रोफोनचा आवाज स्वतंत्र पथांवर घेऊन नंतर एकत्र करणे.

मिक्सरची बहिर्गामी पातळी मायक्रोफोनच्या पातळीपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. व्यावसायिक मिक्सरची नाममात्र पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांची सुमारे ०.३२ व्होल्ट असते. मायक्रोफोनचा संकेत सामान्यतः मिलिव्होल्टमध्ये मोजला जातो. त्यामुळे रेकॉर्डरची जोडणी 'लाइन' स्थितीत ठेवावी लागते. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असल्यास ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. विलगक ट्रान्सफॉर्मर लावल्यास किंवा रेकॉर्डर बॅटरीवर चालवल्यास ती सहसा थांबते.

### बहुपथ मुद्रण

अनेक डिजिटल मिक्सर यूएसबीद्वारे प्रत्येक वाद्याचा आवाज संगणकावर स्वतंत्रपणे साठवू देतात. उदाहरणार्थ, बेरिंगर एक्सआर१८ या मिक्सरमधून १८ पथ एकाच वेळी मिळतात. सभागृहात असा मिक्सर आधीच असल्यास बँडला केवळ संगणक आणि केबल लागते. मात्र नंतरचे मिश्रण करण्यास पुष्कळ वेळ आणि सराव द्यावा लागतो.

## मायक्रोफोनची जागा आणि मांडणी

स्वस्त मायक्रोफोन योग्य जागी ठेवल्यास महागड्या पण चुकीच्या जागी ठेवलेल्या मायक्रोफोनपेक्षा सरस मुद्रण देतो. प्रेक्षागृहात मायक्रोफोन शक्यतो मध्यरेषेवर, रंगमंचाच्या रुंदीइतक्या अंतरावर आणि श्रोत्यांच्या डोक्यांपेक्षा बराच वर ठेवला जातो. उंचीमुळे जवळच्या श्रोत्यांचे बोलणे कमी येते. सज्जाखालची जागा, भिंतीलगतची जागा आणि कोपरा टाळतात. तेथे खर्ज फुगतो. उघड्यावर केसाळ वातकवच आवश्यक असते, कारण साध्या स्पंजने जोराचा वारा अडत नाही.

दोन मायक्रोफोनच्या स्टिरिओ मांडणीचा पाया अॅलन ब्लूमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटसाठी केलेल्या अर्जात घातला. प्रचलित मांडण्या पुढीलप्रमाणे आहेत:

* एक्स-वाय: दोन हृदयाकृती मायक्रोफोन जवळजवळ एकाच बिंदूवर, सामान्यतः ९०° कोनात. अनेक हाती रेकॉर्डरमध्ये हीच रचना असते. एका वाहिनीत रूपांतर केले तरी आवाज बिघडत नाही.
* ओआरटीएफ: दोन हृदयाकृती मायक्रोफोन १७ सेंमी अंतरावर, ११०° कोनात. फ्रान्सच्या तत्कालीन सार्वजनिक प्रसारण संस्थेवरून हे नाव पडले. आवाजाची रुंदी नैसर्गिक वाटते.
* ए-बी: दोन सर्वदिश मायक्रोफोन एकमेकांपासून दूर, समांतर. खर्ज भरीव येतो, पण सभागृहाचा घुमाराही अधिक येतो.
* मध्य-बाजू: एक मायक्रोफोन समोर आणि दुसरा द्विदिश मायक्रोफोन आडवा. आवाजाची रुंदी मुद्रणानंतरही बदलता येते.

घुमारा अधिक असलेल्या सभागृहात हृदयाकृती मायक्रोफोन रंगमंचाच्या अधिक जवळ नेतात. अगदी जवळ गेल्यास मात्र मुख्य स्पीकर बाजूला राहतात आणि गायन हरवते.

## पातळी, खोली आणि नमुनादर

१६-बिट मुद्रणाचा सैद्धांतिक गतिकीय पल्ला सुमारे ९६ डेसिबल, तर २४-बिटचा सुमारे १४४ डेसिबल असतो. २४-बिटमध्ये पातळी बरीच खाली ठेवली तरी गुणवत्तेत जाणवण्याजोगी घट होत नाही. त्यामुळे सर्वोच्च शिखरे कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहतील अशी पातळी ठरवली जाते. कार्यक्रमात कलाकार चाचणीच्या वेळेपेक्षा जोरात वाजवतात, हे गृहीत धरूनच ही मोकळी जागा सोडलेली असते.

२०१९ च्या सुमारास ३२-बिट फ्लोट पद्धत लहान रेकॉर्डरमध्ये आली. तिच्यात पातळी चुकली तरी ती नंतर दुरुस्त करता येते. परंतु मायक्रोफोन किंवा त्याचा आरंभीचा प्रवर्धकच मर्यादेपलीकडे गेला असल्यास ही पद्धतही उपयोगी पडत नाही.

चित्रफितीसाठी ४८ किलोहर्ट्झ हा नमुनादर प्रचलित आहे. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन वाहिन्यांच्या मुद्रणास तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. याउलट सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या चित्रफितीस तासाला सुमारे २२.५ जीबी लागतात.

## चित्रीकरणाची साधने

### कॅमेरा

रंगमंचावर प्रकाश थोडा आणि सतत बदलणारा असतो. पार्श्वभूमी काळी असल्याने स्वयंचलित कॅमेरा दृश्य अधिक उजळ करतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक होतो. म्हणून प्रकाशमान, श्वेतसंतुलन आणि केंद्रीकरण तिन्ही हाताने ठरवून स्थिर करता येणे हा कॅमेऱ्याचा आवश्यक गुण होय. आधुनिक फोनमध्येही ही सोय मूळ किंवा वेगळ्या अॅपद्वारे मिळते.

भिंग निवडताना त्याचे कमाल छिद्र पाहिले जाते. एफ/२.८ छिद्रातून एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी स्वस्त झूम भिंगे दूरच्या टोकाला सहसा एफ/५.६ पर्यंत मंदावतात. अशा वेळी कमी किमतीचे स्थिर नाभ्यंतराचे ५० मिमी एफ/१.८ भिंग अधिक उपयोगी पडते.

अनेक स्थिरचित्र कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर चित्रीकरण थांबवत असत. यामागे युरोपीय संघातील आयातकराचे वर्गीकरण होते. जुना कॅमेरा विकत घेताना ही मर्यादा आणि सलग चित्रीकरणात तो तापून बंद पडतो का, हे तपासले जाते. कॅमकॉर्डरमध्ये हे दोन्ही प्रश्न सहसा येत नाहीत. म्हणून चित्र किंचित साधे असले तरी दोन तासांच्या सलग कार्यक्रमासाठी जुना कॅमकॉर्डर विश्वासार्ह ठरतो.

### दिव्यांची लुकलुक

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० चौकटी आणि १/६० सेकंद शटरवर असल्यास चित्रावर सरकते पट्टे दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० किंवा १/१०० सेकंद शटर ठेवल्यास हे पट्टे बहुतांशी जातात. काही एलईडी दिवे वेगळ्या वारंवारतेने लुकलुकतात. त्यांच्यासाठी शटर प्रत्यक्ष पाहून जुळवावे लागते.

### आधार आणि कॅमेऱ्यांची संख्या

तिपाई हा चित्राची गुणवत्ता वाढवणारा सर्वांत स्वस्त घटक होय. एक कॅमेरा मागून संपूर्ण रंगमंचावर स्थिर ठेवला आणि दुसरा हाती किंवा बाजूला ठेवून जवळची दृश्ये घेतली, तर संकलनासाठी पुरेशी सामग्री मिळते. स्थिर कॅमेरा कार्यक्रम संपेपर्यंत बंद करत नाहीत. दुसऱ्या कॅमेऱ्यातील प्रत्येक चूक त्याच्या चित्राने झाकता येते.

## आवाज आणि चित्र यांचा मेळ

वेगवेगळ्या यंत्रांवर घेतलेला आवाज आणि चित्र जुळवण्यासाठी आरंभी टाळी वाजवतात किंवा कॅमेऱ्यातील कच्च्या आवाजाशी रेकॉर्डरच्या आवाजाची तुलना करतात. दा विंची रिझॉल्व्हसारखी विनामूल्य आवृत्तीत उपलब्ध असलेली संकलन प्रणाली हे काम आपोआप करते.

या पद्धतीत एक बारकावा आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो. कॅमेरा २८ मीटर दूर असल्यास त्याच्यापर्यंत आवाज सुमारे ८० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रात हा उशीर दोन चौकटींचा आहे. कॅमेऱ्याच्या कच्च्या आवाजाशी जुळवलेला मिक्सरचा आवाजही तेवढाच मागे पडतो आणि ड्रमची काठी आधी पडून आवाज नंतर आल्यासारखे दिसते. अशा वेळी संपूर्ण ध्वनिपथ दोन चौकटी पुढे घ्यावा लागतो. मिक्सर आणि प्रेक्षागृहातील मायक्रोफोन एकत्र करतानाही हाच हिशेब लागू होतो.

दुसरा प्रश्न घड्याळांचा आहे. दोन यंत्रांच्या घड्याळांत दर दहा लाखांत ५० इतका फरक असल्यास तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. म्हणून मेळ कार्यक्रमाच्या आरंभी आणि अखेरीस, दोन्ही ठिकाणी तपासतात; गरजेनुसार प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे जुळवतात.

## खर्चाचा अग्रक्रम

हाताशी फोन आहे असे धरल्यास साधने साधारणतः पुढील क्रमाने घेणे सोयीचे ठरते:

# फोनसाठी तिपाई व पकड
# पातळी हाताने ठरवता येणारा हाती रेकॉर्डर आणि उंच स्टँड
# बंद कपांचे हेडफोन, जादा बॅटऱ्या आणि स्मृतिपत्रे
# मिक्सरला जोडण्याच्या केबली व विलगक ट्रान्सफॉर्मर
# दुसरा कॅमेरा
# मोठ्या छिद्राचे भिंग

डायनॅमिक मायक्रोफोन, स्टँड आणि तिपाई दीर्घकाळ टिकतात. त्या जुन्या घेण्यात धोका कमी असतो. कॅमेऱ्यांची किंमत मात्र लवकर उतरते आणि त्यांची झीज बाहेरून ओळखता येत नाही. वर्षातून दोन-तीनच कार्यक्रम चित्रित करायचे असल्यास कॅमेरा व भिंग भाड्याने घेऊन ध्वनिसाधने विकत घेणे परवडते. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीवर आवाजाचे प्राथमिक संस्करण करता येते.

## महाराष्ट्र आणि गोव्यातील वादनप्रकार

वरील तत्त्वे सभागृहातील बँडसाठी मांडलेली असली तरी मिरवणुकीतील वादनाला ती फेरफाराने लागू होतात. ढोल-ताशा पथकात ढोलाचा खर्ज आणि ताशाचा तीव्र आघात एकत्र येतात व पथक चालत असते. येथे उंच काठीवर बसवलेले, मोठा आवाज पेलणारे मायक्रोफोन घेऊन पथकापासून काही अंतर राखणे उपयुक्त ठरते. बेंजो पार्टीत सुरावट गाडीवरच्या स्पीकरमधून, तर ताशा-ढोल प्रत्यक्ष ऐकू येतात. त्यामुळे दोन्ही आवाज समतोल मिळतील अशी जागा शोधावी लागते. भजनी मंडळात टाळांचा उच्च स्वर पखवाज आणि पेटी झाकून टाकतो. म्हणून मायक्रोफोन या दोन वाद्यांकडे झुकता ठेवतात. गोव्यातील तियात्रात बँड प्रत्यक्ष साथ करतो आणि गीतातील शब्दांना विशेष महत्त्व असते. तेथे मिक्सरमधून मिळणारा गायनाचा स्वच्छ पथ मोलाचा ठरतो.

## कायदेशीर बाबी

भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ अन्वये कलाकाराला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे. सादरीकरणाच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ५० वर्षे तो टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम ३८ए नुसार सादरीकरणाचे ध्वनी किंवा दृश्य मुद्रण करण्याचा अधिकार कलाकाराकडे असतो. केवळ खासगी वापरासाठी अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणास कलम ३९ मध्ये सूट आहे. गीत आणि संगीत यांवरील प्रतिलिप्यधिकार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे दुसऱ्याचे गाणे वाजवलेल्या मुद्रणाच्या प्रकाशनासाठी वादकांच्या संमतीखेरीज रचनेच्या हक्कधारकाची परवानगीही लागते.

## जतन

मुद्रण पूर्ण होताच मूळ फाइलींच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या माध्यमांवर काढल्याशिवाय स्मृतिपत्र पुसले जात नाही. आवाज असंपीडित वेव्ह किंवा अक्षय संपीडनाच्या फ्लॅक स्वरूपात ठेवतात. संपीडित प्रत केवळ प्रसारणासाठी काढतात. फाइलीसोबत तारीख, स्थळ, वादकांची नावे, गाण्यांचा क्रम आणि मायक्रोफोनची मांडणी यांची नोंद ठेवली जाते. गाण्यांची यादी आणि वादकांची नावे नसलेले मुद्रण काही वर्षांनी ओळखणे कठीण होते. बेनेडेटीच्या तबकड्या आणि फिती त्याच्या निधनानंतर अनेक दशके अज्ञात राहिल्या व १९९० मध्ये प्रकाशित झाल्या. सादरीकरण टिपण्याइतकेच ते पुढे सापडेल आणि ओळखता येईल अशा रीतीने ठेवणे हाही या मुद्रणाचाच भाग मानला जातो.

## हे सुद्धा पहा

* ध्वनिमुद्रण
* मायक्रोफोन
* डेसिबल
* ढोल-ताशा
* तियात्र